पायरीवरचं मांजर

प्रज्ञेश काहीतरी लपवतोय, एवढं ललिताला कळत होतं. काय लपवतोय ते कळत नव्हतं. चपलेत शिरलेल्या खड्यासारखं झालं होतं तिचं. धड चालताही येईना आणि चारचौघांत चप्पल काढून झटकताही येईना.

सत्तावीस वर्षांच्या ह्या मुलाने आजवर संशय घ्यायला कधी जागाच दिली नव्हती. त्यामुळे आता संशय आला तरी तो कसा घ्यायचा ह्याचा तिला सराव नव्हता. आधी तिला वाटलं, मुलगी असेल. म्हणून धुवायला टाकलेले शर्ट तिने हुंगून पाहिले. एकाला वडापावाचा वास होता, बाकीच्यांना घामाचा. मग वाटलं, नोकरी गेली असेल आणि हा नुसताच डबा घेऊन कुठल्या तरी बागेत बसून येत असेल. म्हणून एकदा दुपारी शोरूमच्या नंबरावर फोन करून 'प्रज्ञेश साहेब आहेत का' असं तिने आवाज बदलून विचारलं. पलीकडून प्रज्ञेशच म्हणाला, "आई, काय झालं?"

आणि मग तो टीव्ही आला.

वारज्यातल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन हमालांनी पासष्ट इंचांचा तो खोका तिसऱ्या मजल्यापर्यंत आडवा-तिडवा करत चढवला तेव्हा प्रत्येक मजल्यावरचं एकेक दार उघडलं. घरात पूर्वेच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. ती भिंत हलवायची नाही, हे ठरलेलं. म्हणून समोरच्या भिंतीवरचं शोकेस रिकामं करून काढलं आणि तिथे टीव्ही लागला. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले रामदास खुर्चीतून हे सगळं बघत होते.

"भिंतच विकत आणलीस म्हणायची," ते म्हणाले.

"शोरूमचा आहे, बाबा. टेस्टिंगला आणलाय. महिन्याभरात परत जाईल."

"का? शोरूममध्ये वीज नाही का?"

प्रज्ञेश हसला नाही. एरवी बापलेकांची अशी जुगलबंदी जेवणापर्यंत चालायची. त्या दिवशी तो वायरी लावत राहिला. ललिताने ते नेमकं टिपलं आणि मनातल्या संशयाच्या पुडीला आणखी एक गाठ मारली.

टीव्ही मात्र असा होता की बघत राहावं. पांघरुणाच्या घडीइतका पातळ. आतली माणसं पाण्यातून नुकतीच वर काढल्यासारखी लख्ख. मालिकेतल्या सासूच्या हनुवटीखाली पावडर कुठे संपते ते ललिताला पहिल्यांदाच कळलं. वंदनेचा व्हिडिओ लावला तर मेणबत्तीच्या ज्योतीभोवती जो निळसर पापुद्रा असतो, तोसुद्धा दिसला. खुर्ची कितीही तिरकी ठेवा, रंग फिके पडत नव्हते. रामदासांनी दोन दिवस बातम्या बघितल्या आणि निकाल दिला, "बातम्या तशाच वाईट आहेत. फक्त स्वच्छ दिसतात."

टीव्हीचं चित्र हे प्रज्ञेशचं काम होतं आणि वेडही. सहा वर्षांचा असताना, घरात जुना फुगीर काचेचा टीव्ही होता तेव्हा, तो एकदा रडवेला होऊन म्हणाला होता, "आई, आपला टीव्ही आजारी आहे. सगळी माणसं हिरवी पडलीत." बाकी कोणालाच हिरवं दिसत नव्हतं. मेकॅनिक आला, त्याने मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "पोरगं बरोबर बोलतंय, वहिनी. हिरवा जरा चढलाय." त्या दिवशी रामदासांनी त्याला खांद्यावर घेऊन सगळ्या आळीला सांगितलं होतं, माझ्या पोराची नजर मेकॅनिकपेक्षा तेज आहे.

कर्वेनगरच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि तो तिथल्याच एका मोठ्या शोरूममध्ये लागला. आधी घरोघरी जाऊन भिंतीला सेट टांगायचं काम. पण टांगून झाल्यावर हा निघायचा नाही. रिमोट घेऊन बसायचा. म्हणायचा, "काका, दुकानातला टीव्ही म्हणजे मांडवातली नवरी. सगळे रंग चोपडलेले असतात. त्याला आम्ही व्हिव्हिड मोड म्हणतो. आता तोंड धुवून खरा चेहरा बघू." मग रंग उतरवायचा, सिनेमातली माणसं साबणावरून घसरल्यासारखी ज्या सेटिंगमुळे चालतात ते बंद करायचा, आणि शेवटी घरातले दिवे घालवून अंधाराचं चित्र लावायचा. लोकांना फरक दिसायचा. मग लोक शोरूममध्ये येऊन त्यालाच विचारायला लागले.

महागातल्या सेटांसाठी शोरूमच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथे प्रज्ञेश गिऱ्हाइकांना एकच फीत दाखवायचा. रात्रीची वेळ, दगडी पायऱ्या, हातात कंदील घेतलेली एक बाई खाली उतरतेय. बस्स, एवढंच.

"काय दिसलं?" तो विचारायचा.

"बाई दिसली. कंदील दिसला."

"आणि मांजर?"

"कुठलं मांजर?"

मग तो फीत मागे न्यायचा. तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात, कंदिलाचा उजेड जिथे पोचत नाही तिथे, एक काळं मांजर बसलेलं असायचं. साध्या सेटवर तो कोपरा नुसता काळा. भारी सेटवर मात्र काळ्यातून काळं वेगळं व्हायचं. कानाची कड, मग पाठ, मग पायांभोवती गुंडाळलेली शेपटी. "ह्यात मागे ट्यूबलाइट नसते," तो समजवायचा. "प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतःच एक दिवा. काळं दाखवायचं असेल तिथला दिवा तो विझवतो, आणि अर्धवट काळं असेल तिथला अगदी मंद ठेवतो. पैसे त्या मंद दिव्याचे आहेत." पुण्यातली गिऱ्हाइकं ती, एक आजोबा म्हणाले होते, "म्हणजे एवढे पैसे घेऊन तुम्ही आम्हाला अंधार विकणार." पण घेऊन गेले. शोरूममध्ये त्याचं नावच पडलं, मांजरवाले साहेब.

तर असा हा मांजरवाला घरी टीव्ही घेऊन आला आणि वेगळाच वागायला लागला.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तो खिडक्यांना जाड काळं कापड लावायचा. दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचा. आणि त्या अंधारात एक कोरा काळा पडदा लावून बसायचा. कोरा म्हणजे अगदी कोरा नव्हे. त्यावर दहा उभ्या पट्ट्या होत्या, पडद्यापेक्षा कणाकणाने कमी काळ्या. पहिली जवळजवळ पडद्यातच विरलेली, दहावी राखेच्या रंगाची. प्रत्येकीखाली आकडा. त्या पट्ट्यांसमोर तो अर्धा-अर्धा तास बसे. मग फीत लावे. मग पुन्हा पट्ट्या.

एका गुरुवारी ललिता स्वयंपाकघरात मेथी निवडत होती आणि बाहेर त्याने दीक्षाला, धाकट्या बहिणीला, अंधारात बसवलं होतं. दीक्षा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिची जीभ बापावर गेलेली.

"किती पट्ट्या दिसतात?"

"नऊ."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. दोन नंबरपासून दहापर्यंत. नऊ."

"दोन नंबर दिसूच शकत नाही."

"बरं, मग नाही दिसत. खूश?"

"दीक्षा, मस्करी नको. आता हे बघ. मांजर आहे?"

"बसलंय की. कान टवकारून."

"तुला आधीपासून माहितीये म्हणून सांगतेस. पाठ झालंय तुला."

"दादा, मांजर पाठ करून मी काय एमपीएससी देणारेय?"

"खोटं बोलू नकोस!"

हे इतक्या जोरात आलं की रामदास आतल्या खोलीतून उठून आले. दीक्षा पाय आपटत निघून गेली. प्रज्ञेश अंधारातच बसून राहिला. "हापण सेट तसलाच आहे," तो स्वतःशीच बोलत होता. "काळं गिळतोय. सहाच्या खाली काही सोडतच नाही."

काळं गिळणं म्हणजे काय ते ललिताला ऐकून-ऐकून माहीत झालं होतं. सदोष पडदा असला की अंधारातले बारकावे सगळे एका काळ्या डागात बुडतात. पण दीक्षाला नऊ दिसत होत्या आणि ह्याला पाच.

"आई, तू ये जरा," त्याने हाक मारली. "तू खरं सांगशील."

ती मेथीचे हात पदराला पुसत आली. समोर पायऱ्या होत्या, बाई होती, कंदील होता. तिला मोतीबिंदूची सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणाले होते, तरीही तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात ते मांजर तिला चांगलं दिसलं. तिच्याकडेच बघत होतं.

"दिसतंय का?" प्रज्ञेशने विचारलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी इंटरनेट कॅफेच्या दाराशी उभा असतानाही त्याचा आवाज इतका बारीक झाला नव्हता.

"नाही रे बाबा," ललिता म्हणाली. "मला तर नुसता अंधार दिसतोय."

भांडणात हरणाऱ्या लेकराची बाजू घ्यावी, एवढंच तिच्या मनात होतं. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं. पण ते ऐकून प्रज्ञेशने जो श्वास सोडला, तो साध्या टीव्हीच्या वादातला नव्हता. मुलाचा ताप उतरल्यावर आईबाप सोडतात तसा होता. तो उठला, खिडकीचं कापड काढलं, "मला वाटलंच, सेटच फॉल्टी आहे," असं दोनदा म्हणाला आणि त्या दिवशी किती तरी दिवसांनी पोटभर जेवला. ललिता मात्र त्याच्या ताटाकडे बघत राहिली. एवढी कसली सुटका झाली ह्याची?

मग जुन्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून समोर यायला लागल्या. दोन महिन्यांपूर्वी त्याने मोटरसायकल न्यायची सोडली. "ट्रॅफिक फार आहे, आई," म्हणाला, आणि बसने जायला लागला. संध्याकाळी मित्रांबरोबर टेकडीवर जाणं बंद झालं. बाजूने चहाचा कप पुढे केला तर त्याला कळतच नाही. समोर आणून धरावा लागतो. स्टुलाला रोज ठेचकाळतो आणि रोज स्टुलालाच बोल लावतो. खालच्या सुशीलाबाई तर तोंडावर म्हणाल्या होत्या, "प्रज्ञेश मोठा साहेब झाला हो. जिन्यात अगदी जवळून गेला, ओळख नाही की देख नाही." तेव्हा ललिताला सुशीलाबाईंचा राग आला होता.

शनिवारी दुपारी शोरूमचे मॅनेजर साईनाथ घरी आले. प्रज्ञेश कामावर होता, आणि हे त्यांना माहीत असणारच. म्हणजे मुद्दाम त्याच्या अपरोक्ष आले होते. ललिताने चहा ठेवला. रामदास पेन्शनरांच्या बैठकीला गेले होते, दीक्षा कॉलेजात. साईनाथ चाळिशीतला, मवाळ बोलणारा माणूस. कपाला हात न लावता बसून राहिला.

"काकू, आपण रागावणार नसाल तर एक विचारू? घरी काही टेन्शन आहे का?"

"नाही. का?"

"प्रज्ञेशने तीन सेट नापास केलेत. हा तिसरा. पहिले दोन कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, दोन्ही उत्तम आहेत म्हणाला. प्रज्ञेश म्हणतो, तो माणूसच आंधळा आहे." साईनाथ कसनुसं हसले. "आणि त्याने सिंहगड रोडच्या एका काकांचा सेट लावून दिला. त्यांचा फोन आला, की रात्रीच्या सीनला राखुंडी फासल्यासारखं दिसतंय, सगळं उजाडलेलं. मला म्हणाले, 'अहो, आमच्याकडे रात्री अंधार पडतो. तुमच्या शोरूमकडे काय पद्धत आहे?' मी स्वतः गेलो. काकू, त्याने अंधार इतका उचलून ठेवला होता, की मला हसावं का रडावं कळेना. सहा वर्षांत त्याचं सेटिंग मला कधी बदलावं लागलं नव्हतं."

ललिताने गार होत चाललेला कप त्यांच्यापुढे सरकवला.

"आता सोमवारी अकराला कंपनीचे दोन इंजिनियर येतायत. त्यानेच हट्ट धरून बोलावलेत. मेल केलाय त्याने मोठा, की पूर्ण बॅच खराब आहे, आणि खाली लिहिलंय..." त्यांनी मोबाईल पुढे धरून वाचलं, "माझ्या आईलाही हा भाग दिसत नाही." मग थांबून म्हणाले, "मी बघू का जरा?"

त्यांनी कापड लावलं, दिवे घालवले, फीत लावली. बाई पहिल्या पायरीवरून दुसरीवर आली.

"हे काय, बसलंय की," साईनाथ हळूच म्हणाले. "काकू, तुम्हाला खरंच नाही दिसत?"

"माझे डोळे आता जुने झाले," ललिता म्हणाली. दुसऱ्यांदा खोटं बोलताना पहिल्याइतकं जड गेलं नाही, ह्याची तिला भीती वाटली.

निघताना दाराशी साईनाथ म्हणाले, "त्याला कामावरून काढावं असं कोणी म्हणत नाहीये अजून. पण सोमवारी चारचौघांसमोर तो म्हणणार, मांजर नाही. आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसत असणार. मला त्याची ती अवस्था बघायची नाही, काकू. तेवढ्यासाठी आलो."

ते गेले. 'अजून' हा शब्द मागे राहिला. पण ललिताला नोकरीचं भय वाटत नव्हतं. तिला आता कळलं होतं, की ती इतके दिवस शर्ट का हुंगत होती. मुलगी, नोकरी, चोरीचा टीव्ही, काहीही चालणार होतं तिला. ह्या एका गोष्टीपर्यंत पोचायला लागू नये, म्हणून तिने बाकीच्या सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला होता.

तिचा थोरला भाऊ कोंडीराम, ज्याला ती अण्णा म्हणते, फुरसुंगीला राहतो. आंधळा आहे. हडपसरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करताना डोळ्यांत ठिणगी गेली आणि नजर गेली, असं सगळ्यांना माहीत आहे. रामदासांनाही तेच माहीत आहे, प्रज्ञेशलाही.

ठिणगी वगैरे काही गेली नव्हती. अण्णा पंचविशीत असताना संध्याकाळी सायकलवरून पडायला लागला. एकदा पडला, दोनदा पडला. वडिलांना वाटलं, पितो. मग वर्कशॉपमध्ये बाजूने येणारी ट्रॉली त्याला दिसेना, म्हणून त्याने स्वतःच वेल्डिंग सोडलं. आईचा एक भाऊही दिवेलागणीनंतर घराबाहेर पडत नसे, हे तेव्हा आजीच्या तोंडून निघालं आणि आजीला गप्प बसवलं गेलं. ललिताचं स्थळ बघायला आले त्या दिवशी अण्णा काळा चष्मा घालून कोपऱ्यात बसला होता. रामदासांच्या वडिलांनी विचारलं, "ह्यांना काय झालं?" आणि तिचे वडील म्हणाले, "वेल्डिंगची ठिणगी उडाली." इतक्या सहज म्हणाले, की क्षणभर ललितालाही खरं वाटलं. नंतर आईला म्हणाले, "आजार म्हटला असता तर तीन पोरी घरात राहिल्या असत्या." अण्णाने ती ठिणगी स्वतःच्या अंगावर घेतली आणि तीस वर्षं बिनतक्रार वागवली. विचारणाऱ्याला तो अजूनही ठिणगी कशी उडाली ते हातवारे करून सांगतो.

ललिता अडाणी असती तर तिला तेवढी तरी सवलत होती. पण ती बी.एस्सी. झालेली. दुसऱ्या वर्षाला तिने स्वतःच्या हाताने वहीत वंशावळीचे तक्ते काढले होते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असला की आत गडद शाई. काही आजारांत बाईला स्वतःला काही होत नाही, ती फक्त मुलाच्या हाती देते. तिच्यासाठी अर्धं भरलेलं वर्तुळ काढायचं. ते वर्तुळ काढताना तिचं पेन थांबलं होतं, आणि मग पुढे चाललं होतं. गुण मिळाले होते दहापैकी नऊ.

आणि गेल्या बुद्ध पौर्णिमेला, फुरसुंगीच्या विहारात, प्रज्ञेश खिरीची वाटी घेऊन येताना खुर्चीला धडकला. आवाज ऐकून अण्णाने मान वळवली. सगळे पांगल्यावर त्याने हळूच विचारलं, "लले, पोरगं संध्याकाळी गाडी चालवतं का गं?"

"तुझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाही का?" ती ताडकन म्हणाली होती. दर रविवारचा अण्णाला फोन तिने त्यानंतर बंद केला. त्याचा आला तर 'कामात आहे' म्हणून ठेवला. अण्णा समजूतदार. त्यानेही करायचा बंद केला. सात महिने झाले.

रामदास परत आले, दीक्षा आली, साडेपाच वाजून गेले. घरात बसवेना म्हणून ललिता दार लोटून जिन्यात आली आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, भिंतीकडेच्या पायरीवर बसली. तिथला दिवा चार दिवसांपूर्वी गेला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'नोंद घेतली आहे' असं उत्तर दिलं होतं. पण तिला दिव्याची गरज नव्हती. जाळीतून आभाळाचा उरलेला उजेड येत होता. समोरच्या मीटरवरचे आकडे तिला बसल्या जागेवरून वाचता येत होते.

सहाला खालून पावलं वाजली. तिने ओळखली. पण त्यांची लय वेगळी होती. ती ओणवी होऊन बघायला लागली.

प्रज्ञेश भिंतीला तळहात लावून चढत होता. प्रत्येक पायरीला बुटाचं टोक आधी पुढे जायचं, कडा चाचपायचं, मग वजन पडायचं. ओठ हलत होते. तो पायऱ्या मोजत होता. "सात, आठ, नऊ..." फुरसुंगीच्या घरी माळ्यावर जाताना अण्णा असाच मोजत जातो. हाक मारावी असं वाटलं आणि मारवेना. तो वर आला. तिच्याकडे तोंड करून वर आला. चार हातांवर ती बसली होती, पांढरी साडी नेसून, आणि त्याचे उघडे डोळे जिन्यावरून सरकावेत तसेच तिच्यावरून सरकत गेले.

"अकरा," तो म्हणाला आणि त्याचा बूट तिच्या गुडघ्याला लागला.

"कोण आहे?" तो दचकून मागे झाला. हात भिंतीवर गच्च. "कोण आहे तिथे?"

"मी आहे रे."

"आई?" त्याने श्वास घेतला. मग चिडला. "अशी अंधारात काय बसलीयेस? मी पडलो असतो ना!"

"अंधार?" ललिता म्हणाली. पुढचं ती बोलली नाही. जाळीपलीकडे समोरच्या गच्चीवर कोणीतरी वाळलेले कपडे काढत होतं. एक निळा टॉवेल, एक लाल परकर.

प्रज्ञेश तसाच उभा होता. त्याचं तोंड हळूहळू जाळीकडे वळलं, तिथल्या उजेडाच्या चौकोनाकडे, आणि मग परत तिच्या आवाजाकडे. तो हुशार मुलगा होता. चित्रातली चूक त्याला सगळ्यांच्या आधी कळायची.

"प्रज्ञेश, मला ते मांजर दिसतं," ती म्हणाली. "त्या दिवशीही दिसलं होतं."

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देऊन गप्प झाला.

"म्हणजे सेट चांगला आहे," तो म्हणाला.

"हो."

"तिन्ही चांगले होते."

ती उठली आणि तिने त्याचा दंड धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. त्याने सोडवून घेतला नाही. उरलेल्या नऊ पायऱ्या दोघं चढले. ह्या वेळी त्याने मोजल्या नाहीत, तिने मोजल्या. घरात रामदास खुर्चीत बसले होते. दीक्षा मोबाईलमध्ये. त्या भल्यामोठ्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"काय गं, दोघांची मिरवणूक कुठून?" रामदासांनी विचारलं आणि तिचा चेहरा बघून रिमोट उचलून आवाज बंद केला.

सोमवारी अकराच्या आत प्रज्ञेशला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. पण डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, घरात कोणाला होतं का? आणि ह्या घरात त्या प्रश्नाचं उत्तर आजवर ठिणगी असंच होतं. खरं उत्तर तिच्या तोंडून आलं तर ते माहेरच्या जुन्या खोटेपणाची कबुली होईल. रामदास काय म्हणतील, हे तिने तीस वर्षं कल्पनेत ऐकलं होतं. पण नजर आधी कुठून जायला लागते, किती वेळ हातात असतो, पुढे माणूस कसा जगतो, हे तिला कुठे माहीत होतं? ते एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याने ते सात महिन्यांपूर्वी हळूच विचारूनही पाहिलं होतं.

"बसा सगळे," ललिता म्हणाली. "दीक्षा, तूपण. मला अण्णाला फोन करायचाय. तो काय सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं. आणि अहो, त्याचं बोलून झाल्यावर तुम्हाला मला काय बोलायचं ते बोला."

"अण्णाला? आत्ता?" रामदास म्हणाले. "काय झालंय काय?"

प्रज्ञेश काही विचारत नव्हता. तो खुर्चीच्या कडेवर बसून वाट बघत होता.

तिने मोबाईल घेतला. अण्णा लगेच उचलत नाही. भिंत धरत खाटेपासून टेबलापर्यंत येतो, फोन चाचपतो, आणि मग 'जय भीम, बोला' म्हणतो. तेवढ्यात पुष्कळ जण ठेवून देतात. गेले सात महिने घरात कोणी विचारलं तर तीही हेच सांगत आली होती, की तो उचलत नाही. आज वाजू द्यायचा, त्याने उचलेपर्यंत, असं तिने ठरवलं आणि स्पीकर लावून फोन सगळ्यांच्या मध्ये ठेवला.